निळीचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं म्हणतात. निळीचं विचारायला मात्र कुणी बंदी केलेली नाही, कारण ते विचारावंसं आजवर कुणाला वाटलेलंच नाही. वाण्याच्या दुकानात साबणाच्या वड्या आणि काडेपेट्या यांच्या मधल्या खणात ती पुडी पडून असायची. चार आण्यांची वस्तू, तिला कसलं आलंय कूळ! पण रिकामपण माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही. मला ते निळीच्या घराण्याचा शोध घ्यायला घेऊन गेलं आणि लक्षात आलं, की आमच्या मोरीच्या कोनाड्यात जी मुकाट बसून असायची, तिची सख्खी भावंडं अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत, इटलीच्या चर्चांत कुमारी मेरीच्या खांद्यावर आहेत आणि हॉलंडमधल्या एका चित्रकाराच्या कर्जबाजारीपणातही त्यांचा थोडाफार हात आहे. इतकी मोठी माणसं नात्यात असून तिने कधी शब्द काढला नाही. खानदानी असणं म्हणतात ते हेच असावं.

नीळ म्हटली की आपल्याला चंपारण आठवतं, मळेवाले साहेब आठवतात. ती नीळ झाडाची. तिचं गोत्र वेगळं, दुःखं वेगळी. मी म्हणतोय ती धुण्याची नीळ, पुडीतली कोरडी भुकटी. रासायनिक दृष्ट्या ती अल्ट्रामरीन आहे, आणि अल्ट्रामरीन म्हणजे लाजवर्द नावाच्या दगडाचा आत्मा.

हे आजीला कुणी सांगितलं असतं, तर तिने आधी सांगणाऱ्याला जेवून जायचा आग्रह केला असता. तिच्या लेखी नीळ ही आजोबांच्या धोतरासाठी निर्माण झालेली वस्तू होती. आजोबा तालुक्याच्या कचेरीत कारकून. हुद्दा बेताचा, पगार त्याहून बेताचा; दरारा काय असेल तो धोतराच्या पांढरेपणात साठवलेला. रविवारी धुणं आटोपलं, की आजी जुन्या फडक्यात चिमूटभर नीळ बांधून तिची पुरचुंडी करायची आणि पत्र्याच्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ती दोनदा फिरवायची. पाण्यात आधी निळा धूर उठायचा. तो तळाशी वेटोळी घालत पसरायचा आणि मग एकाएकी कुठेच नसायचा, कारण तो सगळीकडे झालेला असायचा. आजी ओंजळीत पाणी घेऊन उजेडाकडे धरायची. प्रमाण कशात लिहिलेलं नव्हतं. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "पाण्याला नुसतं कळलं पाहिजे, की नीळ येऊन गेली." हे वाक्य तिने जलरंगात चित्रं काढणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला सांगितलं असतं, तर त्याची दोन वर्षं वाचली असती.

मला तेव्हा कोडं पडायचं ते वेगळंच. पांढरं करायला निळं कशाला? कपडा जुना होत जातो तसा तो पिवळसर पडतो. निळा रंग त्या पिवळ्याला घालवत नाही, नुसता त्याच्या शेजारी जाऊन बसतो. दोघं मिळून डोळ्याला शांत करतात. मोजमाप केलं तर नीळ दिलेला कपडा आधीपेक्षा थोडा कमीच प्रकाश परत फेकतो. म्हणजे तो खरं तर किंचित काळवंडलेला असतो, आणि आपण त्याला पांढराशुभ्र म्हणत असतो. सार्वजनिक जीवनातल्या पांढऱ्या कपड्यांविषयी मी इथे काहीएक सुचवत नाही. पण आजोबांचा सगळा दरारा त्या एवढ्याशा दृष्टिभ्रमावर उभा होता, हे कळल्यापासून मला ते अधिकच आवडू लागले आहेत.

या घराण्याचं मूळ गाव अफगाणिस्तानात. ईशान्येच्या टोकाला बदख्शान आणि तिथे कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संगच्या खाणी. माणसं तिथून काही हजार वर्षं हा दगड काढत आली आहेत. पूर्वीची रीत अशी, की खडकाला आग लावून तापवायचं आणि त्यावर थंड पाणी ओतायचं. खडक तडकतो आणि आतलं निळं बाहेर येतं. त्या निळ्यात सोन्याचे ठिपके चमकतात. ते सोनं नव्हे, लोह आणि गंधक यांचं खनिज आहे. दगडातही थोडी दिखाऊ वृत्ती असायचीच. प्राचीन जगात हा दगड जिथे जिथे सापडतो, तिथे बहुतेक या एकाच खोऱ्यातून गेलेला.

आणि तो आपल्या अजिंठ्यातही आला. अजिंठ्याची रंगपेटी तशी अगदी घरगुती. तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा नि पांढऱ्या मातीचा. हिरव्यासाठीसुद्धा लांब जायला नको. ज्या काळ्या खडकात लेणी कोरली, त्याच जातीच्या खडकाच्या पोकळ्यांत हिरवी माती मिळते. म्हणजे डोंगर पोखरायचा आणि त्याच्याच पोटातल्या मातीने त्याच्या पोटात चित्रं काढायची. काटकसर इतकी, की आजोबा खूश झाले असते. फक्त एक रंग मिळेना. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतली सर्वांत जुनी चित्रं, ख्रिस्तापूर्वीची, निळ्यावाचूनच रंगली. पुढे पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, भिंती पुन्हा रंगू लागल्या, आणि या वेळी थेट बदख्शानचा लाजवर्द आला.

मला इथे त्या अनाम कारकुनाची आठवण येते. तो असणारच, कुठलंही लेणं कारकुनाशिवाय पुरं होत नाही. गेरू, माती, काजळी यांचा खर्च जवळजवळ शून्य मांडताना त्याचा हात किती सुखाने चालला असेल! आणि मग कुणीतरी येऊन सांगितलं असेल, की एक रंग हिंदुकुश उतरून, सिंधू ओलांडून, विंध्य चढून यायचा आहे. तो का हवा, याचं कुठलंच उत्तर हिशेबाच्या वहीत बसणारं नाही. निळ्याविना चित्रं काढता येतात, हे शेजारच्याच लेण्यात शाबीत झालेलं होतं. तरी कुणी तरी मंजुरी दिली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या मंजुरीपुढे मला अजिंठ्याच्या वाघोरा नदीच्या काठी उभं राहून टोपी काढावीशी वाटते, पण उन्हाळ्यात तिथे टोपी काढण्यासारखी परिस्थिती नसते.

पुढे १९२० च्या सुमारास निजामाच्या राजवटीने ही चित्रं जपण्यासाठी इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, भिंती सावरल्या आणि मायेने वरून लाखेचं रोगण दिलं. काही वर्षांत ते रोगण पिवळं पडलं. पिवळ्या काचेतून निळ्याचं काय होतं, हे पाहायला रसायनशास्त्र लागत नाही. पुढे पुरातत्त्व खात्याच्या माणसांना ते थर हलक्या हाताने उतरवत बसावं लागलं. पिवळेपणावरचा आजीचा उपाय सोपा होता, पण डोंगर बादलीत बुडवायची सोय नव्हती.

दगड मिळाला म्हणजे रंग मिळाला, असंही नाही. लाजवर्द नुसता कुटला तर हाती येते ती करडी, निस्तेज पूड, कारण निळ्याबरोबर त्यातले पांढरे खडेही कुटले जातात. निळा वेगळा काढायची युक्ती इटलीतल्या चेन्नीनो चेन्नीनीने १४०० च्या सुमारास आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. वस्त्रगाळ पूड घ्यायची, तीत पाइनची राळ, मस्तकी नावाचा डिंक आणि मेण घालून पुरणपोळीच्या कणकेसारखा गोळा करायचा आणि तो तीन दिवस, तीन रात्री तरी मुरू द्यायचा, रोज मळायचा. मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात तो काठ्यांनी चेपत राहायचं. निळा तेवढा पाण्यात उतरतो, घाण गोळ्यातच अडकून राहते. पहिल्या पाण्याचा निळा सर्वांत उंची, दुसऱ्याचा त्याखालचा, आणि शेवटी उरते ती फिकट निळसर राख; तीही विकली जायची. राखेच्या पाण्यात निळा सोडायचा! धुणं आणि हा रंग यांची गाठ पुढे चारशे वर्षांनी पडली असं पुस्तकं म्हणतात. माझ्या मते ती त्याच दिवशी ठरली होती.

चेन्नीनी पुढे एक सल्ला देतो. हे काम पुरुषांपेक्षा सुंदर तरुणींनी करावं, कारण त्या घरीच असतात आणि त्यांचे हात नाजूक असतात. म्हाताऱ्या बायकांपासून मात्र सावध राहावं. कारण त्याने दिलेलं नाही. एखाद्या म्हातारीने त्याच्या कणकेत चूक काढली असणार, हा माझा अंदाज. आजीपुढे त्याने तो गोळा मळला असता, तर तिने तीन दिवस वाट पाहिलीच नसती; पहिल्याच संध्याकाळी हात धुऊन, "सरक बाजूला," म्हणाली असती.

या बाबतीत काळाने त्याला परस्पर उत्तर दिलं आहे. जर्मनीत डालहाइम इथे जोगिणींचा एक जुना मठ होता. तिथल्या एका बाईच्या सांगाड्याच्या दातांवरचं कीटण शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं, आणि त्यात अस्सल लाजवर्दाचे निळे कण निघाले. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. बाई गेली तेव्हा पंचेचाळीस ते साठच्या दरम्यानची. काळ साधारण नऊशे ते हजार वर्षांपूर्वीचा. दातांवर निळं कसं? सर्वांत पटणारं उत्तर असं, की ती पोथ्या रंगवायची आणि कुंचल्याला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरायची. सोन्याच्या तोलाचा रंग तिच्या हाती देताना मठातल्या कुणी तिचं वय विचारलेलं दिसत नाही. तिचं नाव उरलं नाही, तिने रंगवलेली पोथी कुठली तेही सांगता येत नाही; दात तेवढे निळे राहिले. आजीच्या उजव्या हाताच्या नखांच्या कडांना रविवारपासून मंगळवारपर्यंत अशीच एक निळी रेघ असायची. लिंबाने चोळली तर जाते, पण मग कुजक्या अंड्यासारखा वास येतो. या रंगाचं सगळं तेज गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या जुडग्यांत असतं, आणि ही जुडगी स्फटिकाच्या पिंजऱ्यात कोंडलेली असतात. आंबट लागलं की पिंजरा मोडतो, रंग उडतो आणि गंधक आपली ओळख देतं. देवमातेच्या वस्त्राचा रंग आणि कुजक्या अंड्याचा वास यांच्यात एका लिंबाचंच काय ते अंतर.

त्या वस्त्राची किंमत तर करारात लिहिली जायची. फ्लॉरेन्समधल्या अनाथाश्रमाच्या वेदीसाठी घिरलांदायोने चित्र काढायचं कबूल केलं, त्या १४८५ च्या करारात निळा औंसाला सुमारे चार फ्लोरिन भावाचा असावा, असं कलम आहे. चित्रात भक्ती किती असावी याचं कलम नाही. ते चित्रकारावर सोडलेलं. हॉलंडच्या फर्मेरला असं कुणी बांधून घालायची गरज नव्हती. त्याचा हात या निळ्याला सैलच. जिथे दिसणार नाही तिथेही, लाल झग्याच्या सावलीखालीसुद्धा, त्याने तो लावला आहे. त्याच्या दूध ओतणाऱ्या मोलकरणीचा एप्रन पाहा. त्या बाईला आयुष्यभराच्या पगारात परवडला नसता असा दगड त्याने तिच्या कमरेला गुंडाळला. १६७५ मध्ये तो वारला तेव्हा मागे बायको, अकरा मुलं आणि पाववाल्याची थकलेली उधारी होती. त्या उधारीपोटी विधवेने पाववाल्याला दोन चित्रं दिली. डेल्फ्टमधल्या त्या पाववाल्याइतका सुखी सावकार इतिहासात दुसरा नसेल.

मग घराण्याचे दिवस पालटले, आणि तेही एका गलिच्छ जागी. १७८७ मध्ये सिसिलीत हिंडताना जर्मन कवी गोएठेला चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर निळी खापरं जमलेली दिसली होती. गावकरी ती शोभेच्या कामात लाजवर्दाऐवजी वापरत. १८१४ मध्ये फ्रान्समधल्या एका सोड्याच्या भट्टीतही तसाच निळा मळ सापडला आणि तपासणीत तो लाजवर्दाचा जुळा भाऊ निघाला. १८२४ मध्ये उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या तिथल्या एका संस्थेने सहा हजार फ्रँकांचं बक्षीस लावलं. अट एवढीच, की हा निळा कारखान्यात करता यावा आणि किलोला तीनशे फ्रँकांच्या वर जाऊ नये. ते बक्षीस १८२८ मध्ये झां-बाप्तिस्त गिमे याने मिळवलं. त्याच सुमारास जर्मनीत ग्मेलिननेही ही कृती साधली होती आणि आधी कोण यावर रीतसर भांडण झालं, पण त्यात आपण पडायचं कारण नाही. कृतीला लागतं काय? चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा. हिंदुकुशातून जे येत होतं, ते असं चुलीशेजारच्या जिनसांतून निघालं. राजघराणं खालसा झालं आणि त्याची भुकटी पुडीत भरून जगभरच्या मोऱ्यांत पोहोचली. इंग्लंडातून ती हिंदुस्थानात आली आणि आमच्या कोनाड्यात येऊन बसली.

गिमेचा मुलगा एमिल बापाचा कारखाना चालवता चालवता पूर्वेच्या धर्मांच्या नादी लागला. जपान, चीन, हिंदुस्थान फिरून त्याने मूर्ती, चित्रं, पोथ्या गोळा केल्या आणि १८८९ मध्ये पॅरिसमध्ये संग्रहालय उघडलं. आज आशियाई कलेचं ते एक फार मोठं घर आहे. पुढे फ्रेंच उत्खननातून अफगाणिस्तानातल्या बेग्रामचे हस्तिदंती नमुनेही तिथे आले. ज्या मुलखाच्या दगडाचा भाव या घराण्याने उतरवला, त्याच मुलखात सापडलेलं हस्तिदंत त्या भावाच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या छपराखाली सुखाने काचेत बसलं आहे. यात आपलाही वाटा असेल काय, असा विचार मनात येतो. आजीच्या चार आण्यांतला एखादा पैसा समुद्र ओलांडून कुठल्याशा बोधिसत्त्वाच्या चौथऱ्याला लागला असेल, असं समजायला मला आवडतं. इंग्रज कंपनीची पुडी आणि फ्रेंच संग्रहालय यांचा हिशेब तसा जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. आजोबांनी तो लगेच लाल शाईने खोडला असता.

१९६० मध्ये इव्ह क्लाईन या चित्रकाराने तर याच कारखानी निळ्याला एका खास राळेत खलून त्याची रीतसर नोंद करून घेतली, आणि नुसत्या निळ्याच निळ्या चौकटी भिंतीवर लावल्या. लोक त्यांच्यापुढे तासन्‌तास उभे राहतात. आमच्याकडेही उभं राहायला लोक असायचे, पण ते बादली रिकामी व्हायची वाट पाहत.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा सुचली. आजीच्या स्वतःच्या लुगड्यांना नीळ कधीच लागली नाही. तिची लुगडी गडद, हिरवी नाहीतर वांगी रंगाची. त्यांना निळीचा काही उपयोग नाही. आठवड्यामागून आठवडे तिने तो रंग ओंजळीत धरून पारखला, तो दुसऱ्यांना पांढरं ठेवण्यासाठी. आजोबा गेल्यावर धोतरं नात्यातल्या गरजूंना वाटली, तेव्हा तिने ती सगळी पुन्हा धुऊन, नीळ देऊन, परीटघडी करूनच दिली. "पिवळी कशी देणार?" म्हणाली. त्यानंतर कोनाड्यात एक अर्धी पुडी बरीच वर्षं होती. कुणी ती वापरली नाही आणि टाकलीही नाही.

आता नीळ गेली असं आपण समजतो. ती पुडी गेली. तिचं काम साबणाच्या भुकटीत जाऊन बसलं. हल्लीच्या पावडरींत असे पदार्थ घालतात, की ते डोळ्याला न दिसणारे किरण शोषून घेतात आणि त्यांच्या बदल्यात निळसर उजेड परत देतात. बादलीतलं पाणी स्वच्छच राहतं. नीळ कपड्यावर प्रकाशातून पडते. परवा घरातल्या एका लग्नाच्या संगीताला याची प्रचीती आली. मुलांनी नाचासाठी ते जांभळे अदृश्य दिवे लावले आणि क्षणात नवऱ्यामुलाचा सदरा, बँडवाल्यांचे हातमोजे, खुर्च्यांच्या खोळी, सगळं निळंभोर उजळून निघालं. पोरांनी एकच गिल्ला केला. पुढच्या रांगेत आमची धाकटी आत्या बसली होती; तिचं बालपण त्या बादलीच्या काठावर गेलेलं. तिने चष्मा वर करून नवऱ्यामुलाला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या विहीणबाईंकडे झुकून हळूच विचारलं, "धुणं कोण करतं हो तुमच्याकडे? नीळ जरा जास्तच झालीय."